अप्पांचा उरलेला शब्द

४ फेब्रुवारी

सुतळ्या,

वर 'अनेक उत्तम आशीर्वाद' असं लिहिलं होतं, ते खोडलं. इतक्या वर्षांनी एकदम आशीर्वादाने सुरुवात केली तर तू म्हणशील, हिचं काहीतरी काम असणार. काम आहेच, पण ते नंतर सांगते. आता तुला सुतळ्या म्हणावं की नाही तेही कळत नाही. पोटबिट सुटलं असेल एव्हाना.

तुझा पत्ता तुझ्या मेव्हणीकडून काढला. तिच्यावर डाफरू नकोस, मीच तिला भाजीबाजारात गाठून वाट अडवली. फोन नंबर मात्र तिने दिला नाही, तुझी तशी ताकीद आहे म्हणाली. पत्त्याबद्दल ताकीद नव्हती. लहानपणापासून तू असाच, एक दार धाडकन लावायचं आणि दुसरं उघडंच विसरायचं.

अप्पांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. हात लुळा पडलाय. पाय ओढत चार पावलं टाकतात, तीही मी धरलं तर. त्याची सवय झाली, त्यांना आणि मलाही. पण वाचा गेली. म्हणजे सगळी गेली आणि एक शब्द तेवढा उरला. कोणता ते तू ओळखलं असशील.

सिस्टीम.

हसलास ना? मी तर दवाखान्यातच हसले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, 'आजोबा, नाव काय तुमचं?' म्हणाले, सिस्टीम. 'ही कोण उभी आहे?' सिस्टीम. 'हे काय आहे माझ्या हातात?' पेन होतं. त्याचीही सिस्टीम झाली. मला इतकं हसू फुटलं की नर्सने दंडाला धरून बाहेर नेलं. बाहेर काय झालं ते सांगायला नको.

बाई म्हणाल्या, असं होतं. माणूस सगळी भाषा विसरतो, एखादा घासून घासून गुळगुळीत झालेला शब्द मागे राहतो. कुणाची शिवी राहते, कुणाचं देवाचं नाव राहतं. तुमच्या वडिलांचा हाच का राहिला असेल? मी म्हटलं, डॉक्टर, ते आयुष्यभर दुसरं काही बोललेच नाहीत.

खोटं आहे का? पंपहाऊसची सिस्टीम चालते म्हणून तुमच्या नळाला पाणी येतं. घराला सिस्टीम हवी म्हणून चपलांची तोंडं भिंतीकडे. आईचं पोट बिघडलं की 'आज सिस्टीमला आराम दे, नुसती पेज घे.' पेपर वाचून चिडले की 'सगळी सिस्टीमच किडलेली आहे.' आणि चहा होईस्तोवर राग उतरला की 'सिस्टीमच्या बाहेर जाऊन कुणाचं भलं झालंय?' शेजारच्या लग्नात स्पीकरचा दणदणाट सुरू झाला की तीही सिस्टीमच, फक्त तेव्हा तोंड वाकडं करून. आई म्हणायची, या माणसाला एवढा एकच शब्द बांधून द्या आणि जगाच्या प्रवासाला पाठवा, काही अडायचं नाही.

आता खरंच तेवढाच बांधून दिलाय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे सुंभही गेला नाही पुरता. तहान लागली की शब्द घाईने येतो, शेवटचं अक्षर गिळून. कूस बदलायची असली की लांबवून, कण्हल्यासारखा. लघवीला लागली की अगदी हळू, भिंतीकडे बघत. बातम्या लाव म्हणायचं असलं की आवाज चढतो, पूर्वीसारखा इन्चार्जसाहेबांचा. मी चुकले की तोच शब्द पुन्हा, जरा सावकाश, ठोंब्या पोराला शिकवल्यासारखा. आता मी फारशी चुकत नाही.

तर काम असं की पुढच्या महिन्यात मला थोडे दिवस बाहेर राहावं लागेल. ऑफिसचं ट्रेनिंग आहे. तेवढ्यापुरता तू येशील का? तू एकटाच आलास तरी चालेल. त्यांच्याशी बोलायची गरज नाही, ते तरी कुठे बोलतात. नुसतं घरात असायचं. आई गेल्यापासून घरात दुसरं कुणी नाही हे तुला ठाऊक आहे.

ताई


२६ फेब्रुवारी

सुतळ्या,

तुझं उत्तर नाही. येणार नाही हे गृहीत धरूनच रोज पोस्टमनची वाट बघितली.

ट्रेनिंग वगैरे काही नाही. बिल भरणा केंद्राच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला या वयात कसलं ट्रेनिंग देतात? माझ्या छातीत गाठ आहे. डावीकडे. तपासणीला तुकडा काढून पाठवला होता, तो वाईट निघाला. सर्जन म्हणतात, लवकर कापून टाकू, अजून हाताबाहेर गेलेलं नाही. 'लवकर' हा शब्द ते दर वेळी जरा जोरात म्हणतात.

पहिल्या पत्रात हे लिहिलं नाही, कारण गाठीचं ऐकून आलास तर तू माझ्यासाठी आलास असं होईल. मला तू त्यांच्यासाठी यायला हवा होतास. बघ, अडला हरी आणि वर अटी घालतोय.

आता मी न विचारता बोलते. त्या दिवसाबद्दल या घरात कुणी बोललंच नाही, आणि तुझ्याही घरात नसेल. त्या दिवशी तुझा रिलिव्हर आला नाही. पंपहाऊसचा नियम तुला मी काय सांगणार. पुढच्या पाळीचा माणूस येतो, दोघं मिळून फेरी मारतात, तो प्रत्येक पंपाला तळहात लावून बघतो, गरम आहे का, थरथरतोय का, आणि मग 'घेतला' म्हणतो. तोवर आधीच्याने जागा सोडायची नाही, मग आभाळ कोसळो. तुझ्या बायकोला वेळेआधी कळा सुरू झाल्याचा निरोप गेटवर आला. तू अप्पांना फोन केलास. ते म्हणाले, थांब, माणूस पाठवतो. तू थांबलास. माणूस मिळेना. शेवटी तू पंप तसेच चालू ठेवून पळालास. आणि तू पोचलास तेव्हा बाळ राहिलेलं नव्हतं.

कुणाच्या नळाचं पाणी त्या दिवशी गेलं नाही. एक थेंब कमी पडला नाही. तरी दुसऱ्या दिवशी अप्पांनी स्वतःच्या हाताने तुझ्याविरुद्ध रिपोर्ट लिहिला. 'माझा मुलगा म्हणून सिस्टीम वाकवू?' असं आईला म्हणाले. आई त्यांच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही. मी मध्ये पडले तर तुम्ही दोघंही म्हणालात, तू गप्प बस. तुमच्या दोघांचं तेवढं शेवटचं एकमत.

मी त्यांची बाजू घेत नाही. मला त्यांची बाजू कधी कळलीच नाही. जो माणूस मुलासाठी नियम वाकवत नाही त्याला मी आता दिवसातून कितीदा तरी वाकून उचलते, आणि माझ्या डोक्यात येतं, हा माणूस मला का सांभाळायचाय? मग ते घाईने तो शब्द म्हणतात आणि मी पाणी आणायला जाते.

मी तरी काय वेगळी आहे म्हणा. खिडकीपलीकडे माणूस कळवळून सांगतो, बाई, घराची वीज तोडलीय, घरात आजारी माणूस आहे, आजचे पैसे आजच जमा करून घ्या. आणि मी स्क्रीनकडे बघत म्हणते, सिस्टीम घेत नाहीये, उद्या या. तेवढं म्हटलं की माझी सुटका. माणूस मान खाली घालून जातो. अप्पांचीच लेक ना मी.

ये रे. तुला उतरायला बाहेरची खोली देते. ते आतल्या खोलीत असतात, मधलं दार लावून घे हवं तर.

ताई


९ मार्च

सुतळ्या,

काल जे झालं त्याबद्दल तुझ्या बायकोला दोष देऊ नकोस. पत्रं तिने वाचली आणि फोन तिने लावला. मला म्हणाली, 'ताई, मी त्यांना फोन देते, पण मी स्वतः काही बोलणार नाही.' बोलू नये तिने. जिचं बाळ गेलं तिने या घराला फोन लावला, हेच खूप झालं. तिचं माझ्यावर हे ऋण राहिलं.

तुझा नुसता 'हॅलो' ऐकला आणि मी चटकन अप्पांकडे वळून बघितलं. आवाज अप्पांचा झालाय रे तुझा. मी घाबरून सरळ फोन त्यांच्या कानाला लावला. तिथेच चुकलं. आधी तुला तयार करायला हवं होतं, सांगायला हवं होतं की दुसरा शब्दच नाहीये त्यांच्याकडे. पत्रात लिहिलं होतं, पण वाचणं वेगळं आणि कानात पडणं वेगळं.

तू काय म्हणालास ते मला ऐकू आलं नाही. ते मात्र एकदम ताठ झाले. चांगला हात वर करून फोन स्वतः धरला, मला ढकललं. आणि म्हणाले, सिस्टीम. मग थांबले. मग पुन्हा. मग एकामागून एक, भराभर, थांबेचनात, तोंडातून लाळ गळतेय, डोळे वाहतायत. आणि तू फोन ठेवलास.

मी तुझ्या जागी असते तर मीही ठेवला असता. त्याच शब्दाने तुझी नोकरी घेतली, आणि इतक्या वर्षांनी बापाचा आवाज ऐकला तर पुन्हा तोच शब्द, तोही पंधरा-वीस वेळा. जखमेवर मीठ म्हणजे आणखी काय असतं?

आता इथे मी तुला एक गोड वाक्य लिहू शकते. ते माफी मागत होते रे, असं लिहू शकते. सकाळपासून तीनदा लिहून फाडलं. खरं सांगू? मला कळलं नाही. त्यांची तहान कळते, लघवी कळते, कूस कळते, खिडकीतलं ऊन डोळ्यावर येतंय ते कळतं. पण तुझ्याशी बोलताना ते रागावत होते की रडत होते की तुला बोलावत होते, ते मला कळलं नाही. तसा तो शब्द त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलाच नव्हता. तू आला असतास आणि समोर बसला असतास तर कदाचित तुला कळलं असतं. मला नाही.

फोन बंद झाला तरी ते तो कानाला लावून बसले होते. मी काढून घेतला.

ताई


२ एप्रिल

सुतळ्या,

हे पत्र मी हाडांच्या वॉर्डमधून लिहितेय. अप्पांचा खुबा मोडला. माझं ऑपरेशन लांबणीवर.

नीट सांगते, म्हणजे मलाही नीट दिसेल. तू येणार नाहीस हे कळल्यावर मी एक मावशी ठेवली. मोठी चांगली बाई आहे, हाताला हलकी, बडबडी. पण अप्पा तिला हात लावू देईनात. तिने घास भरवला की तोंड घट्ट मिटायचे. तिने उचलायला हात घातला की दगड व्हायचे. मावशी म्हणायच्या, 'तुमचे वडील म्हणजे आखाडा आहे हो ताई.' मी घरात असले, समोर उभी राहिले, की मग सगळं करू द्यायचे. मी समजले, हट्टीपणा आहे, चार दिवसांत जाईल.

त्या दिवशी माझ्या ऑपरेशनआधीच्या तपासण्या होत्या. अप्पा दुपारी झोपले होते. म्हटलं, उठवलं तर त्रागा करतील, झोपलेत तेवढ्यात जाऊन यावं. लहान मुलाला आई चुकवून जाते ना, तशी चपला हातात घेऊन निघाले. मावशींना खुणेने सांगितलं. कुठल्याही घरात हे चाललं असतं. या घरात मात्र नाही. आठवतंय ना, आई नुसती कोपऱ्यावर भाजीला निघाली तरी अप्पांना ऐकू जाईल असं मला म्हणायची, 'घर घे गं.' आणि मी 'घेतलं' म्हणेपर्यंत उंबरा ओलांडायची नाही. आपण हसायचो, पण पाळायचो. मी हे सगळं विसरून गेले. अंगात गाठ असली की माणूस स्वतःपुरता होतो.

मावशी स्वयंपाकघरात होत्या. म्हणाल्या, आतून तो शब्द दोन-तीनदा आला. त्यांनी 'आले आले' म्हटलं. मग धप्प आवाज. अप्पा पलंगावरून उठून, भिंत धरत, मधल्या दारातून पार फ्रिजपर्यंत पोचले होते. एकटे. इतकं अंतर ते झटक्यापासून चालले नव्हते. पडलेले सापडले तेव्हा डावा तळहात फ्रिजला टेकलेला होता. मावशी म्हणाल्या, भूक लागली असेल, खायला शोधत असतील. मी मान हलवली.

भूक नव्हती ती. जागे झाले, मी दिसेना, कुणी जागा घेतली नव्हती. म्हणजे चार्ज त्यांच्यावर आला. मग ते उठले आणि फेरीला निघाले. घरात घुमणारी, थरथरणारी वस्तू एक फ्रिजच आहे. तो नीट चालतोय का ते त्यांनी बघितलं.

मी वॉर्डात पोचले तेव्हा त्यांना स्ट्रेचरवर घेतलं होतं. मी जवळ जाऊन म्हटलं, अप्पा, माझं चुकलं, सांगून जायला हवं होतं. मला वाटलं आता आवाज चढेल, डोळे वटारतील. त्यांनी चांगला हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. इतका वेळ ठेवला की वॉर्डबॉय म्हणाला, ताई, बाजूला व्हा, न्यायचंय.

मला त्या हाताचा राग आला, सुतळ्या. संताप आला. मी न सांगता जागा सोडली तर डोक्यावर हात. तू सोडलीस तेव्हा रिपोर्ट. माझ्यासाठी वाकता येतं तर तेव्हा का नाही वाकता आलं? हे त्यांना विचारायचं होतं मला. पण विचारून काय उत्तर मिळणार, ते तुला माहीत आहे.

सर्जनांना कळवलं की सध्या मला दाखल होता येणार नाही. त्यांनी फोनवर पुन्हा तो 'लवकर' शब्द ऐकवला. मग म्हणाले, तुमच्या घरी दुसरं कुणीच नाही का हो? मी म्हटलं, नाही.

ताई


१९ मे

सुतळ्या,

सर्जन माझ्यावर ओरडले. आधी ओरडले, मग पाणी दिलं. गाठ काखेत गेलीय. म्हणाले, शरीरातल्या निचऱ्याची एक सिस्टीम असते, जागोजागी गाठी असतात, व्हॉल्व्ह असल्यासारख्या, त्या सिस्टीममध्ये हे शिरलंय आता. मी हसले. त्यांना वाटलं, बाईला धक्का बसला. त्यांना काय माहीत माझा बाप कोण आहे. आता ऑपरेशन, मग औषधं, मग पुन्हा औषधं, आणि मग काय ते बघू, असं म्हणाले. 'लवकर' हा शब्द या वेळी त्यांनी वापरला नाही.

म्हणून अप्पांना म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवलं. मावशी एकट्याने त्यांना उचलू शकत नाहीत आणि मला तर ऑपरेशननंतर हातच वर करायचा नाही. शहराबाहेर आहे, स्वच्छ आहे, फरशीला फिनेलचा वास आहे. तिथल्या मॅडम बोलायला गोड आहेत. मला म्हणाल्या, 'काही काळजी करू नका, आमच्याकडे सगळं सिस्टीमने चालतं.' चाकाच्या खुर्चीत मान टाकून बसलेल्या अप्पांनी मान वर केली. कुणीतरी आपल्याला नावाने हाक मारावी तशी. मॅडमना कळलं नाही, त्या पुढच्या कागदावर सही कुठे ते दाखवत होत्या.

या वेळी मी चुकले नाही. त्यांच्यासमोर वाकून, नीट, मोठ्याने म्हटलं, अप्पा, मी दवाखान्यात चाललेय, माझं ऑपरेशन आहे. चार्ज यांच्याकडे देते. तिथला एक मदतनीस, पोऱ्या नव्हे, चांगला मिशा पिकलेला माणूस, शेजारी उभा होता. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. वाट बघत राहिले. मी त्या माणसाला हळूच म्हटलं, भाऊ, 'घेतला' म्हणा. तो एकदम उसळला, 'काय घेतला? ओ बाई, मी कुणाचं काही घेत नसतो हां! मॅडमना विचारा, इतकी वर्षं झाली इथं, टाचणी गेली नाही कुणाची.' त्याची समजूत काढेपर्यंत मॅडम आल्या, तिघंचौघं जमले, मला सगळ्यांना पंपहाऊस समजावून सांगावं लागलं. शेवटी तो हसला आणि म्हणाला, 'एवढंच ना? घेतला, घेतला.' आणि कुणीतरी बोलावलं म्हणून निघून गेला. त्याने अप्पांना हातसुद्धा लावला नव्हता.

अप्पांनी माझं मनगट धरलं. त्या एका हातात अजून किती जोर आहे! मी म्हटलं, अप्पा, सोडा. सोडेनात. मग मी त्यांचं एक एक बोट उचलून सोडवलं. अंगठा शेवटी. तोंडाने काही म्हणाले नाहीत. मी व्हरांड्यातून चालत गेले तेव्हा कान मागेच होते. आत्ता तो शब्द येईल, फाटकापाशी येईल, रिक्षात बसेपर्यंत येईल. आला नाही.

मी रोज फोन करते. विचारते, सिस्टीम म्हणतात का ते? मॅडमना वाटलं मी त्यांच्या सोयींची चौकशी करतेय, त्यांनी जेवणाच्या वेळा सांगितल्या. मग समजावलं तेव्हा म्हणाल्या, 'छे छे, एकदम शांत असतात हो. तोंडातून शब्द नाही. काही त्रासच नाही त्यांचा. असे आजोबा मिळाले तर आम्ही आणखी दहा घेऊ.'

मला खरं वाटेना. परवा जाऊन आले. माझ्याकडे बघितलं, ओळखलं, डोळे भरले. बोलले नाहीत. ओठ कोरडे पडले होते. मी पेला भरला आणि त्यांच्यासमोर धरून बसले. म्हटलं, मागा. अप्पा, मागा ना. मी दुष्टासारखी पेला हातात घेऊन बसून राहिले. त्यांनी पाण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, जिभेने ओठ ओले केले. मागितलं नाही. शेवटी मीच पाजलं. निम्मं सदऱ्यावर सांडलं.

सगळी भाषा गेली तेव्हा मी रडले नव्हते इतकी आता रडले. एक शब्द होता त्यांच्याकडे. एकाच शब्दात ते भुकेले व्हायचे, लाजायचे, हुकूम सोडायचे, माझ्यावर वैतागायचे. तो कुणी ओळखणारं समोर असलं तरच बोलण्यात अर्थ आहे, हे त्यांना कळलंय बहुतेक. तिथे ओळखणारं कुणी नाही. आणि मलाही ते आता ओळखणाऱ्यांत धरत नाहीत, मी बोटं सोडवून गेलेली आहे.

परवा माझं ऑपरेशन. त्यानंतर किती दिवस मला तिथे जाता येणार नाही ते सर्जनही सांगत नाहीत. परत जाता येईल की नाही तेही मी त्यांना विचारलं नाही.

तेव्हा आता मागते ते नीट ऐक. घर सांभाळ म्हणत नाही, माझ्या उशाशी बस म्हणत नाही. त्यांना माफ कर असं तर मुळीच म्हणत नाही, ते मलाही जमलेलं नाही. तू फक्त एकदा तिथे जा आणि त्यांच्याशी भांड. बाळाचं काढ. रिपोर्टचं काढ. मनात इतकी वर्षं जे जे साठवलंस ते सगळं त्यांच्या तोंडावर म्हण, खुर्चीतला लुळा म्हातारा आहे म्हणून काही हातचं राखू नकोस. माझ्याशी ते बोलणार नाहीत. दयेने विचारपूस करणाऱ्यांशीही बोलणार नाहीत. पण तू तोंडावर जाब विचारलास तर उत्तर दिल्याशिवाय राहायचे नाहीत, त्यांना मी ओळखते. आणि उत्तर द्यायचं तर त्यांना तोंड उघडावं लागेल. फोनवर मला जे कळलं नाही ते तुला समोर बसून कळेल. नाही कळलं तर नाही, पण ते बोललेले असतील.

संस्थेचा पत्ता कागदाच्या मागे लिहिलाय. भेटायची वेळ दुपारी चारनंतर असते. तू आवाज चढवलास की मॅडम धावत येतील, बाहेर काढतील तुला. तोवर जेवढं भांडून होईल तेवढं भांड.

ताई